टेनर व्हायचंय? सोलापुरातून सुरुवात अशी करा

दर वर्षी एखाद-दुसरा मुलगा माझ्याकडे येतो. कुठल्या तरी रीलवर पावारोत्ती या इटालियन टेनरचा उंच सूर ऐकलेला असतो, घरी बाथरूममध्ये तो लावून पाहिलेला असतो आणि शेजारच्यानं भिंतीपलीकडून "काय वरडलालास बे?" असं विचारलेलंही असतं. मग मला प्रश्न येतो, "सर, ह्यात करिअर होतं का?"

होतं. पण रस्ता लांबचा आहे, खर्चाचा आहे, आणि तो रीलवर दिसतो तसा अजिबात नाही. मी स्वतः एकल गायक झालो नाही. मुंबईत सात वर्षं कोरसमध्ये, म्हणजे समूहगायनात, टेनरच्या रांगेत उभा राहिलो, पुढे घरच्या कारणानं सोलापूरला परतलो, आता मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवतो. त्या सात वर्षांत बाजूला उभे राहणारे चांगले चांगले आवाज तिशीच्या आत संपलेले पाहिले. ते उंच सूर लागत नाही म्हणून संपले नव्हते. जे गायचं नव्हतं ते त्यांनी लवकर गायलं. हा लेख वाचताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, बाकीचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

टेनर म्हणजे नेमकं कोण

पुरुषाच्या आवाजांतला हा सगळ्यात वरचा नेहमीचा प्रकार. खाली बॅरिटोन, त्याच्या खाली बास. आपल्या भाषेत सांगायचं तर पेटीवर पांढरी एकला सा धरा. टेनरचा पल्ला साधारण तिथून सुरू होतो आणि दोन सप्तकं वर, अतितार सापर्यंत जातो. हाच तो प्रसिद्ध 'हाय सी'. काळी एकमध्ये गाणारा आपला ख्यालगायक तार पंचमापर्यंत जातो, त्याच्याही वर चार अर्धस्वर. तेही खोट्या, पातळ आवाजात चालत नाही, भरलेल्या आवाजातच हवा.

हा भरलेला 'हाय सी' फार जुना नाही बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टेनर मंडळी हे सूर हलक्या, डोक्यातल्या आवाजात घेत. जिल्बेर द्युप्रे या फ्रेंच गायकानं रोसिनीच्या 'विल्यम टेल' या ऑपेरात, म्हणजे सगळं गाऊन सादर होणाऱ्या पाश्चात्त्य संगीत नाटकात, हा सूर छातीच्या जोरावर लावला, आधी इटलीत १८३१ मध्ये आणि मग १८३७ मध्ये पॅरिसला. तेव्हापासून प्रेक्षकांना दुसरं काही चालेना. म्हणजे ज्या सुरासाठी तुम्ही जीव टाकताय, तो मुळात एका माणसानं लावून दिलेला पायंडा आहे.

पहिली पायरी: तुम्ही टेनर आहात की नाही ते बघा

किती उंच जाता यावरून आवाजाचा प्रकार ठरत नाही. तो ठरतो आवाज कुठे 'वळतो' यावरून. पांढरी एकला सा धरून 'आ'कारात हळूहळू वर चढा, जोर न लावता. एका जागी आवाज आपसूक बदलू पाहतो, छातीतून सुटून वर जाऊ पाहतो, किंवा फाटतो. गायक या पट्ट्याला पासाज्जो म्हणतात. टेनरचा पासाज्जो साधारण तार रे ते तार पच्या दरम्यान असतो. बॅरिटोनचा त्याच्या खाली, मध्य नी ते तार गच्या आसपास. फोनवर ट्यूनरचं एखादं ॲप उघडून ठेवा, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी उठल्याउठल्या नव्हे तर दुपारी करून बघा आणि वहीत लिहून ठेवा.

हा अंदाज झाला, निकाल नाही. निकाल जाणत्या कानानं द्यायचा असतो, आणि जाणते कानही चुकतात. प्लासिदो दोमिंगो हा प्रसिद्ध स्पॅनिश टेनर १९५९ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय ऑपेरात चाचणीला गेला तो बॅरिटोन म्हणून. परीक्षकांनी सांगितलं, बाबा, तू टेनर आहेस. कार्लो बेर्गोन्झी तर काही वर्षं बॅरिटोन म्हणून स्टेजवर गायला, मग स्वतःच आवाज नव्यानं घडवून १९५१ मध्ये टेनर म्हणून उभा राहिला. तेव्हा आज कुणी बॅरिटोन म्हटलं म्हणून रडत बसू नका, आणि टेनर म्हटलं म्हणून पेढेही वाटू नका.

वयाचंही बघा. आवाज फुटून एक-दोन वर्षंच झाली असतील तर फक्त मधल्या सप्तकात गा. पुरुषाचा आवाज विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. सोळा-सतराव्या वर्षी वरचे सूर ओढून काढणं म्हणजे हिरव्या बोराला दगड मारण्यासारखं आहे.

दुसरी पायरी: गुरू, आणि चालू असलेला क्लास

हिंदुस्थानी संगीताचा क्लास लावला असेल तर तो सोडू नका. सूर धरून ठेवायची सवय, खर्जाचा रियाज, कानाची तयारी हे भांडवल आयतं मिळतं. फक्त काही गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतात. आपला षड्ज तंबोऱ्यावर ठाम असतो, इथे गाता गाता षड्जच बदलतो आणि तुमच्या मागे ऑर्केस्ट्राही तिकडे जातो. आपण मींडेनं सूर जोडतो, इथे प्रत्येक सूर आपल्या जागी सुटा आणि तरीही सलग हवा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, माईक नसतो. संगीत नाटकाच्या जुन्या काळात आपल्याकडेही नव्हता, गायकनट उंच पट्टीत गाऊन शेवटच्या रांगेपर्यंत पोचत. आजी-आजोबांनी ते ऐकलेलं असेल तर त्यांना ऑपेरा समजावून सांगणं फार सोपं जातं. स्पेनमध्येही गाणं आणि संवाद मिसळलेला 'सार्सुएला' नावाचा प्रकार आहे. दोमिंगोचे आई-वडील त्यातलेच कलाकार होते. म्हणजे टेनर व्हायला ऑपेरा हाऊसच्या शेजारीच जन्मावं लागतं असं नाही.

शहरात पहिली शाळा म्हणून मी चर्चचा क्वायर सुचवतो. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून मराठी चर्चची परंपरा आहे, आणि चार आवाजांत गाणं, म्हणजे बायकांचे सोप्रानो, आल्टो आणि पुरुषांचे टेनर, बास, हे ऐकायला-गायला मिळायची ती सगळ्यात जवळची जागा. कुठल्याही धर्माच्या मुलानं अदबीनं जाऊन विचारलं तर बहुतेक ठिकाणी सरावाला बसू देतात. टेनरची ओळ सहसा मुख्य चाल नसते. बाजूचा दुसरंच गात असताना आपली ओळ धरून ठेवणं, हा धडा एकट्यानं कितीही रियाज केला तरी मिळत नाही. पावारोत्तीसुद्धा आधी वडिलांबरोबर इटलीतल्या मोदेनाच्या हौशी कोरसमध्ये गायचा. वडील बेकरीत काम करायचे आणि उत्तम टेनर होते. १९५५ मध्ये त्यांचा कोरस वेल्समधल्या लांगोलेनच्या स्पर्धेत पहिला आला होता.

ऑपेराचं खरं तंत्र शिकायला मात्र पुणे-मुंबईशी संबंध जोडावा लागतो. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की दुपारच्या आत पुणं. मुंबईला रात्री सिद्धेश्वरनं जाऊन सकाळी उतरता येतं. २०२३ पासून वंदे भारतही आहे, पण विद्यार्थ्याच्या खिशाला दर वेळी परवडेल असं मला वाटत नाही. महिन्यातून दोनदा समोरासमोर आणि मधल्या आठवड्यांत ऑनलाइन, हा मेळ मला सगळ्यात व्यवहारी वाटतो. ऑनलाइन शिकताना व्हिडिओ कॉलच्या ॲपमधलं आवाज 'स्वच्छ' करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर ते तुमच्या लांब सुराला गोंगाट समजून कापून टाकतं.

गुरू कसा ओळखायचा? पहिल्याच दिवशी "किती वर जातोस दाखव" म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या. चांगला शिक्षक पहिले काही महिने मधल्या पाच-सहा सुरांतच फिरवतो. कंटाळा येतो, मान्य. गाताना घसा दुखत असेल आणि शिक्षक "होतं तसं, सवय होईल" म्हणत असेल तर तिथून निघाच.

तिसरी पायरी: वाचायला शिका

पाच रेघांचं स्वरलेखन आल्याशिवाय या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही. पावारोत्तीला नोटेशन फारसं वाचता येत नसे असं सांगितलं जातं. त्याच्या नावावर आपण सूट घेऊ नये.

ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश मंडळांच्या गायनाच्या परीक्षा भारतात होतात, पहिल्या ते आठव्या ग्रेडपर्यंत. आता रेकॉर्डिंग पाठवूनही देता येतात, त्यामुळे सोलापुरात बसून होतात. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडला बसण्याआधी थिअरीची पाचवी ग्रेड पास लागते, ट्रिनिटीत तशी अट नाही. कुठलंही मंडळ घ्या, थिअरी मात्र कराच. परदेशी प्रवेशपरीक्षेत तीच विचारतात. एक साधा कीबोर्डही हवा, स्वतःची ओळ आणि साथीचे मुख्य स्वर वाजवता येण्याइतपत. टेनरची ओळ ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे रेघांच्या सुरुवातीचं चिन्ह) लिहिलेली असते आणि क्लेफखाली छोटा ८ असतो. म्हणजे लिहिलंय त्याहून एक सप्तक खाली गायचं. हे न कळल्यामुळे पहिल्या दिवशी घसा फाडून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत.

जुन्या संगीतकारांच्या प्रती विकत घ्यायची गरज नाही. कॉपीराइट संपलेलं बहुतेक सगळं आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

चौथी पायरी: इटालियन, आणि इथे सोलापूरकरांची चैन आहे

ऑपेराची पहिली भाषा इटालियन, मग जर्मन आणि फ्रेंच. अर्थ न समजता पोपटपंची केली तर ऐकणाऱ्याला दोन ओळींत कळतं. पण इटालियन उच्चारांच्या बाबतीत आपण इंग्लंड-अमेरिकेच्या मुलांपेक्षा पुढून सुरुवात करतो, हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो.

इटालियन त आणि द हे आपल्यासारखेच दंत्य. इंग्रजी बोलणाऱ्याला जीभ दातांवर आणायला महिने लागतात, आपल्याला काहीच करावं लागत नाही. मराठीला दोन च आहेत, 'चिंच'मधला पहिला आणि 'चमचा'मधला. इटालियनलाही नेमके हेच दोन. 'चेलो' म्हणजे आकाश, त्यात चिंचेचा च. आभार मानताना ते 'ग्रात्सिए' म्हणतात, त्यातला 'त्स' म्हणजे चमच्याचा च. मराठी माणसाला हे एका वाक्यात समजतं. हेच लंडनमधल्या मुलाला समजवायला अर्धा तास जातो.

दुसरी गंमत जोड-व्यंजनांची. 'सोनो' म्हणजे मी आहे, 'सोन्नो' म्हणजे झोप. 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. व्यंजनावर थांबला नाहीत तर अर्थच बदलतो. आपल्याकडे अण्णा, अक्का, अम्मा दिवसभर चालू असतात. पूर्व भागात तेलुगू आणि बाकी गावात कन्नड कानावर पडत वाढलेल्या पोराला हा ठेका जन्मतः येतो. तेलुगूतले बहुतेक शब्द स्वरानं संपतात, इटालियनचेही तसेच, म्हणून तर तेलुगूला पूर्वेची इटालियन म्हणायची पद्धत पडली. घरात तेलुगू बोलणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला इटालियन ओळ वाचायला दिली, तर त्यानं पहिल्याच वेळी अशी वाचली की फोनवर ऐकणाऱ्या मुंबईच्या एका बाईंनी विचारलं, हा कुठे शिकला?

आता आपली खोट. मराठीतला 'अ'. इटालियनमध्ये तो नाहीच. प्रेमाला ते 'आमोरे' म्हणतात, आपण 'अमोरे' म्हणून मोकळे होतो. प्रत्येक 'आ' पूर्ण उघडा हवा, कारण सूर त्याच्यावरच बसतो. शब्द संपवतानाही आपण शेवटचा स्वर गिळतो, तो गिळायचा नाही.

जर्मनमध्ये ओठ 'उ'चे आणि जीभ 'ई'ची असा एक स्वर आहे. तो आरशासमोर करा. घरचे हसतील. फ्रेंच शेवटी ठेवा.

पाचवी पायरी: रियाज कुठे, किती, कसा

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून मन लावून सांगतो. मामांचं चादरींचं गोदाम होतं. दुपारी तिथं कुणी नसायचं, छतापर्यंत गठ्ठे रचलेले. मला वाटलं, एवढी शांत जागा सोलापुरात दुसरी नाही. दोन महिने रोज तिथं गायलो आणि आवाज बसला. कारण पुढे कळलं. कापूस आवाज पितो. भिंतीवरून काहीच परत येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं आवाज कमी पडतोय, आणि आपण नकळत ढकलायला लागतो. उलट फरशीची, रिकाम्या भिंतींची, फार घुमणारी खोली आवाजाला खोटी फुशारकी देते. मधली जागा शोधा: शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, थोडं सामान असलेली बैठकीची खोली. लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असताना शेजारी बसून तर कधीच गाऊ नका. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. लूमवाल्या घरांत बोलणंच मोठ्यानं असतं ते उगाच नाही. अशा घरातल्या मुलानं आधी दिवसभराचं बोलणं खाली आणावं, अर्धं काम तिथेच होतं.

ढकलल्याशिवाय आवाज ऑर्केस्ट्राच्या वर जातो कसा, याचं उत्तर स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंदबेर्ग यांनी १९७०च्या दशकात मोजून दाखवलं. ऑर्केस्ट्राची ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते आणि वर कमी होत जाते. तयार ऑपेरा गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक वेगळी धार येते, जिथे ऑर्केस्ट्रा दुबळा असतो आणि आपला कान तल्लख. म्हणजे तुम्हाला ऑर्केस्ट्राशी कुस्ती खेळायची नाही, त्याच्या शेजारच्या मोकळ्या वाटेनं जायचंय. ही धार घशाच्या जागेतून आणि स्वरयंत्राच्या स्थिर, सैल ठेवणीतून येते, फुप्फुसाच्या दाबातून नव्हे.

सुरुवातीला दिवसातून वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे पुरे. वर्षभरानं पाऊण तास. उरलेला वेळ न गाता काढा: शब्द म्हणा, ताल मोजा, अर्थ लिहा, ऐका.

आणि आपला उन्हाळा. पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी, त्यात धूळ. सरावाला सकाळी लवकर बसा, दिवसभर पाणी थोडं थोडं पीत राहा, संध्याकाळी वाफ घ्या. गड्ड्याच्या जत्रेत ओरडून आलात तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. गणपतीत डीजेसमोर नाचायला माझी हरकत नाही, ओरडायला आहे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोडा असं मी सोलापूरकराला सांगणार नाही, पण गाण्याच्या तीन तास आधी नको आणि रात्री अकराला खाऊन लगेच आडवं होणं तर नकोच. आम्ल वर येऊन स्वरतंतूंना सूज येते आणि पोरगा समजतो सर्दी झालीय. मावा-तंबाखू असेल तर हा लेख इथेच बंद करा. दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर गुळण्या करत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या.

सहावी पायरी: काय गायचं, आणि काय नाही

टेनरमध्येही पोटजाती आहेत. हलका आणि चपळ तो लेजेरो, गोड आणि प्रवाही तो लिरिक, त्यात थोडी धार आली की स्पिंटो, भारदस्त तो ड्रमॅटिक, आणि जर्मन संगीतकार वाग्नरच्या भूमिकांसाठी लागणारा हेल्डेनटेनर. विशीतल्या जवळपास सगळ्यांनी स्वतःला लिरिक समजून चालावं.

क्रम साधारण असा. पहिली दोन-तीन वर्षं सतराव्या-अठराव्या शतकातली छोटी इटालियन गाणी. मग मोत्सार्टच्या ऑपेरातल्या भूमिका, 'डॉन जियोव्हानी'तला ओत्ताव्हियो किंवा 'मॅजिक फ्लूट'मधला तामिनो. मग दोनिझेत्तीच्या १८३२ च्या 'एलिसिर दामोरे'तला भोळा नेमोरिनो. तो विनोदी आहे, गोड आहे आणि तरुण आवाजाला मानवतो. पुच्चिनीच्या 'ला बोहेम'मधला रोदोल्फो त्याच्या पुढचा. पावारोत्तीनं पदार्पण याच भूमिकेतून केलं, १९६१ मध्ये, पण तोवर तो पंचविशीत होता आणि मागे अनेक वर्षांची तालीम होती. व्हेर्दीचा ओथेल्लो चाळिशीच्या आधी मनातही आणू नका.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट. आल्फ्रेदो क्राउस नावाचा स्पॅनिश टेनर होता, कॅनरी बेटांवरचा, शिक्षणानं इंजिनिअर. आई-वडिलांना दाखवा, इंजिनिअर होता म्हणून. १९५६ मध्ये कैरोत पदार्पण केलं. त्यानं आयुष्यभर मोजक्याच भूमिका गायल्या, ज्या आपल्या हलक्या आवाजाला बसतात तेवढ्याच, आणि मोठमोठे प्रस्ताव नाकारले. १९९९ मध्ये वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तो गेला, तोवर सत्तरीच्या उंबरठ्यावर तो अजून गात होता. त्याच्या उलट जुझेप्पे दी स्तेफानो. आवाज असा की ऐकताना अंगावर काटा येतो. पण जड भूमिका लवकर घेतल्या आणि आवाज तुलनेनं लवकर थकला, असं पुष्कळ जाणकार मानतात. दोघांचीही ध्वनिमुद्रणं ऐका, आधी विशी-तिशीतली, मग पन्नाशीतली.

तुमच्यावर नाही म्हणायची वेळ मोठ्या ऑपेरा हाऊसमध्ये येणार नाही, ती हुतात्मा स्मृती मंदिरात येईल. गॅदरिंग असेल, समोर आमदार असतील, संयोजक म्हणतील, "ते टीव्हीवरचं उंच गाणं म्हण की." तिथे नाही म्हणायची सवय लागली तर पुढे म्युनिकमध्येही म्हणता येईल.

जाता जाता एक. ध्वनिमुद्रणांचं म्हणालो म्हणून आठवलं. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग या माणसानं मिलानच्या हॉटेलात इटालियन टेनर एन्रिको कारुझोचा आवाज ध्वनिमुद्रित केला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी कलकत्त्यात गायिका गौहर जानचा. एकाच माणसानं, एकाच वर्षात. ही दोन गाणी मी विद्यार्थ्यांना एकामागोमाग ऐकवतो आणि काही बोलत नाही.

सातवी पायरी: देशातली स्टेजं

मुंबईत नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र मुख्य ठिकाण. २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथलाच, आणि तिथे पूर्ण ऑपेराही उभे राहिलेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचे ऑपेरा तिथे पडद्यावर दाखवतात. वर्षातून दोनदा तरी त्यासाठी सिद्धेश्वरचं तिकीट काढा. चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद होतं, २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. त्या वेळी मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. भारतातल्या तरुण गायकांना शिकवण्यासाठी त्यांनी सुरू केलेली 'गिव्हिंग व्हॉइस सोसायटी' कार्यशाळा घेते, तिच्यावर लक्ष ठेवा. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं केएम कन्झर्व्हेटरी हे संगीत विद्यालय आहे, तिथे पाश्चात्त्य गायन शिकवतात. मुंबईत शिकायला-नोकरीला गेलात तर परांजोती किंवा स्टॉप-गॅप्ससारख्या कोरसची चाचणी द्या.

देशात फक्त ऑपेरावर पोट भरणारा टेनर मात्र शोधावा लागेल. इथे कायमस्वरूपी ऑपेरा कंपनी नाही. त्यामुळे पुढची पायरी टळत नाही.

आठवी पायरी: बाहेर शिकायला जाणं आणि त्याचा हिशोब

जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो आहे. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम बँकेत अडकवून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे बारा लाखांच्या आसपास धरा, आणि अर्ज करताना नवा आकडा बघून घ्या. जर्मन भाषा लागतेच, आणि काही ठिकाणी वयाची अट असते, म्हणून तेविसाव्या वर्षी "बघू पुढं" म्हणू नका. इंग्लंडच्या नामवंत कन्झर्व्हेटरींत परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला पंचवीस हजार पौंडांच्या पुढे जाते, शिष्यवृत्तीशिवाय विचारच नको. अमेरिकेत फिलाडेल्फियाची कर्टिस आणि ॲकॅडमी ऑफ व्होकल आर्ट्स या दोन संस्था शिकवणी फी घेत नाहीत, साहजिकच जागा मोजक्या असतात.

पहिली चाळणी व्हिडिओवर होते. फोन दोन-तीन मीटर लांब, स्टँडवर, एक गाणं एका दमात, मध्ये काटछाट नाही, आवाजावर कसलीही प्रक्रिया नाही. मागे पियानोवादक खरा असेल तर फार चांगलं, त्यासाठी पुण्याला एक दिवस काढा. शर्ट साधा घाला. पार्श्वभूमीला लग्नाचा मंडप नको.

नववी पायरी: नोकरी

शिक्षणानंतर बहुतेक जण एक-दोन वर्षं एखाद्या ऑपेरा हाऊसच्या तरुण गायकांच्या स्टुडिओत घालवतात. तिथेही वयाची मर्यादा तिशीच्या आसपास असते. स्पर्धा असतात. दोमिंगोनं १९९३ मध्ये सुरू केलेली 'ओपेरालिया' १८ ते ३२ वयोगटासाठी आहे. जिंकण्यापेक्षा तिथे बसलेले थिएटरचे लोक तुम्हाला ऐकतात हा फायदा मोठा.

सगळ्यात जास्त स्थिर कामं जर्मनीत. तिथे ऐंशीच्या आसपास थिएटरं ऑपेरा करतात आणि अनेकांत गायक पगारी नोकरीवर असतात. आवाजाच्या प्रकारानुसार, ज्याला ते 'फाख' म्हणतात, भूमिका वाटल्या जातात. करार वर्ष-दोन वर्षांचे. एकाच ठिकाणी पंधरा वर्षं भरली की नोकरीला संरक्षण मिळतं, आणि म्हणूनच काही जणांचा करार त्याच्या आधीच थांबतो. मोकळा गायक म्हणून काम केलं तर मोबदला प्रयोगामागे मिळतो. तालमीच्या आठवड्यांचे वेगळे पैसे बऱ्याच ठिकाणी नसतात, आजारी पडलात तर त्या प्रयोगाचे पैसे गेले, आणि मिळतात त्यातून एजंटचे दहा-पंधरा टक्के जातात. कोरसची नोकरी कमी झगमगाटाची पण पगार नियमित. तिला कमी लेखू नका, मी लेखली होती.

घरी वडील विचारतात, "महिन्याला किती?" तेव्हा हे सगळं असंच सांगा, वाढवून नको. आणि सोबत एक दुसरं कौशल्य तयार ठेवा: पियानोची साथ, स्वरलेखन शिकवणं, भाषांतर. पावारोत्तीनंही शाळेत शिकवलं होतं, विमा विकला होता.

गेल्या दिवाळीत एक मुलगा आला होता, घरी आठ लूम, आवाज दणदणीत, स्वतःला पक्का टेनर समजून आलेला. पेटीवर चढवत नेला तर आवाज मध्य नीलाच वळायला लागला. बॅरिटोन असावा, म्हटलं, पण अजून एकोणीसचा आहेस, दोन वर्षांनी परत बघू. तोंड एवढंसं झालं त्याचं. आता तो दर रविवारी येतो, सध्या चर्चच्या क्वायरमध्ये बासची ओळ गातो आणि जर्मनच्या पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरलाय.